विचारपूस नावाचा कॉलम

मल्लिनाथअण्णा बिराजदारांनी मला आजवर कधीही नुसतं ‘कसा आहेस’ असं विचारलेलं नाही. सोलापूरच्या नव्या पेठेत समोरून आले की ते आधी हात वर करून मला थांबवतात, मग खिशातून मोबाईल काढतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि बोटाने काहीतरी शोधत राहतात. रिक्षावाले हॉर्न मारतात, पाठीवर कापडाचा गठ्ठा घेतलेला हमाल आमच्या दोघांच्या खानदानाचा उद्धार करून जातो, पण अण्णा जागचे हलत नाहीत. शेवटी हवी ती ओळ सापडते. मग मोबाईल खिशात टाकून, आत्ताच आठवल्यासारखा चेहरा करून विचारतात, “काय बे बनसोडे, डाव्या कानाचं काय झालं?”

माझा डावा कान गेली चार वर्षं दुखत नाही. पण हे सांगायची सोय नाही, कारण लगेच मोबाईल पुन्हा बाहेर येतो आणि भर रस्त्यात माझी ओळ दुरुस्त होते. म्हणून मी “आहे आपला” एवढंच म्हणतो.

अण्णा आणि मी सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत, एकाच शाखेत, वीस वर्षं बसलो. ते हेडक्लार्क, मी आवक-जावक. अण्णांचं गाव अक्कलकोटच्याही पलीकडचं. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि दोन्हीकडे मध्येमध्ये एक्सेल. कचेरीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही त्यांना हार घातला, नारळ फोडला आणि वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. ते कव्हर काढणारा पहिला माणूस म्हणजे अण्णा. पुढे सहा महिन्यांत ते शाखेतल्या प्रत्येक गोष्टीचा तक्ता करू लागले. जगात जे काही आहे ते कुठल्यातरी कॉलमात बसतं, बसत नसेल तर कॉलमाचं हेडिंग चुकलंय, असं त्यांचं तत्त्वज्ञान.

‘हेडिंग काय?’ हा त्यांचा परवलीचा प्रश्न. साहेबांनी मीटिंगमध्ये पाऊण तास भाषण केलं की अण्णा नम्रपणे उठून विचारायचे, “सायेब, ह्याचं हेडिंग काय?” एकदा मी बायकोशी झालेल्या भांडणाची हकिकत त्यांना डबा खाताना सांगितली. सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “सगळं खरं, पण हेडिंग काय?” मी घरी जाईपर्यंत शोधत होतो. सापडेना. शेवटी बायकोचीच माफी मागितली.

त्यांना पहिली चीड सेल मर्ज करणाऱ्यांची, म्हणजे तक्त्यातले दोन चौकोन एक करणाऱ्यांची. “दोन घरांमधली भिंत पाडली बे, आता भांडण कुणाच्या घरातलं ते कसं कळणार?” आणि दुसरी चीड रिकाम्या सेलची. “ब्लँक ठेवायचं न्हाय. न्हाय तर न्हाय लिव्हा, पण लिव्हा.”

माझ्याबद्दलही त्यांना चीड असायला हवी होती, पण त्यांनी माझी कीव केली. मी तक्ता करायचो तो स्पेसबारने. म्हणजे आकडा लिहायचा आणि पुढचा आकडा त्याच्या रांगेत येईपर्यंत स्पेसबार दाबत राहायचा. स्क्रीनवर माझे तक्ते देखणे दिसत. प्रिंटरमधून बाहेर येताना मात्र आकडे वाट फुटेल तिकडे गेलेले असत. अण्णांनी एकदा असा कागद उचलून बघितला आणि म्हणाले, “हे टेबल न्हाय, हा मोर्चा हाय.” सरकारी कॉम्प्युटर परीक्षेच्या वेळी महिनाभर त्यांनी मला शिकवलं. मी पास झालो, कारण कुठलं बटण कुठल्या कोपऱ्यात हे मी पाठ केलं होतं. पुढच्याच वर्षी नवी आवृत्ती आली, बटणं हलली आणि माझं शिक्षण तिथे संपलं.

आता त्या मोबाईलमधल्या फाईलबद्दल. तिच्यात तीनशेच्या वर माणसं आहेत. शाळासोबती, भावकी, बदलून गेलेले साहेब, शिपाई, शेजारी, कधीकाळी एसटीत शेजारी बसलेला एक जण. क्रम बाराखडीचा नाही. जो माणूस ज्या क्रमाने आयुष्यात आला तशी त्याची ओळ. कॉलम चार. पहिला नाव. दुसरा मायना, म्हणजे तीर्थस्वरूप, चिरंजीव, सौभाग्यवती वगैरे. तिसरा विचारपूस, ज्यात त्या माणसाला काय विचारायचं ते एकदोन वाक्यांत. चौथा खबरदारी. हा कॉलम मी चोरून वाचलेला आहे. ‘जावयाचा विषय काढू नये.’ ‘मोठ्याने बोलावे.’ माझ्यापुढे लिहिलंय, ‘बोलू लागल्यास थांबत नाही. उभ्यानेच बोलावे.’

दर संक्रांतीला या फाईलमधून अण्णांची पत्रं निघतात. मेल मर्ज म्हणतात त्याला. मजकूर एकच, पण नाव, मायना आणि विचारपूस ज्याची त्याची आपोआप बसते. निम्मं सोलापूर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेलं असताना उरलेल्या निम्म्याच्या दारात पोस्टमन अण्णांचं पत्र टाकतो. वाचणाऱ्याला वाटतं, माझ्या गुडघ्याची आठवण ठेवून एका माणसाने एवढं लिहिलं. पाकिटावरचा पत्ता मात्र अण्णा हाताने लिहितात. “आत मशीन चालतंय, भायेर अक्षरच पायजे.” वहिनी सहा वर्षांपूर्वी गेल्या, अण्णा रिटायर झाले, जुळे सोलापूर भागात एकटे राहू लागले, पण पत्रं चुकली नाहीत.

गेल्या वर्षी डिसेंबरात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्क्रीन बंद केली. पाकिटं आधीच लिहून झाली होती. अण्णांनी मला बोलावलं, लॅपटॉप समोर ठेवला आणि हिरव्या पट्टीखालून माझ्याकडे बघत म्हणाले, “फाईल उघडायची, मर्ज म्हणायचं, प्रिंट काढायची. पत्रं पाकिटात, पाकिटं पोस्टात. शेवटी तीच फाईल मोबाईलमध्ये आणि पेनड्राइव्हवर टाकायची, जुनी पुसून. तीन ठिकाणी एकच पायजे. आणि हे बघ, अक्कल वापरायची न्हाय.”

मला तीस वर्षांच्या नोकरीत कुणी असं बजावलं नव्हतं, कारण गरज पडली नव्हती. पण नेमकी त्याच दिवशी अक्कल वापरायची वेळ आली. लॅपटॉप आणि पाकिटांची पिशवी घेऊन घरी जाताना जिन्यात पिशवीचा बंद तुटला आणि तीनशे पाकिटं तीन मजले घरंगळत खाली गेली. सगळी गोळा केली, पण क्रम गेला. पत्रं फाईलच्या क्रमाने निघणार, पाकिटं विस्कटलेली. मग मी विचार केला. (हा विचारच नडला.) पाकिटं बाराखडीप्रमाणे लावू आणि फाईलमधली नावंही बाराखडीप्रमाणे लावू. नावांचा कॉलम निवडला, अ ते ज्ञ असं बटण मला अजून आठवत होतं, ते दाबलं.

एक चौकट आली. इंग्रजीत. शेजारीही माहिती दिसतेय, असं काहीतरी तिचं म्हणणं होतं, आणि खाली दोन पर्याय होते. पहिला, निवड वाढवायची. दुसरा, आहे तेवढ्यावरच काम चालू ठेवायचं. आहे तेवढ्यावर काम चालू ठेवणे हेच मी जन्मभर केलं. मी दुसऱ्यावर टिचकी मारली. नावं शिस्तीत उभी राहिली. मायना, विचारपूस आणि खबरदारी हे तिन्ही कॉलम होते तिथेच राहिले.

म्हणजे तीनशे माणसांची नावं उचलून मी दुसऱ्यांच्या घरात नेऊन ठेवली. आणि मला वाटलं, काय सुबक झालंय! पत्रं छापली, नाव बघून पाकिटात घातली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हा संस्कार माझ्यावर नको तेव्हा पक्का झालेला असल्याने एकही वाचलं नाही. पोस्टात टाकून आलो. फाईल मोबाईलमध्ये टाकली, पेनड्राइव्हवर टाकली, जुन्या पुसल्या. सांगितलेल्या सगळ्या कामांपैकी हे एक मी बिनचूक केलं.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी मी शाबासकी घ्यायला अण्णांकडे गेलो तर त्यांचा फोन वाजत होता. बार्शीचे एक निवृत्त हवालदार. फोन स्पीकरवर होता.

“अण्णा, तुमचं पत्र आलं बगा. मला ‘सौभाग्यवती’ लिव्हलंय, ते एक असू द्या. पर माझं बाळंतपण सुखरूप झालं का म्हून इचारलंय. डिंकाचे लाडू खा म्हनताय.”

अण्णांनी पट्टीखालून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

तेवढ्यात दुसरा फोन. ऐंशी वर्षांच्या त्यांच्या शाळेतल्या बाई. “मल्लू, मी चिरंजीव कधीपासून? आणि दाढी वाढवू नकोस म्हणतोस, ते कोणाला रे?”

मी सगळं कबूल केलं. अण्णांनी लॅपटॉप उघडायला लावला, डॉक्टरांची बंदी मोडून नाक स्क्रीनला लावलं आणि बराच वेळ बघत राहिले.

“पेनड्राइव्ह?”

“त्यावर पण हीच.”

“मोबाईल?”

“हीच. जुनी पुसून. तुम्ही सांगितलं होतं की, अण्णा.”

मला वाटलं, आता शिव्या येतील, कन्नडमधल्या, म्हणजे निदान कळणार नाहीत. पण ते खुर्चीत मागे टेकून बसले. मग म्हणाले, “चौथी प्रत हुती. ती गेली.”

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी पहिल्यांदाच बोलायचा थांबलो. विचारपूस हा कॉलम त्यांचा नव्हताच. तो वहिनींचा होता.

“माणसं माझ्या ध्येनात ऱ्हात न्हाईत बे. फायली ऱ्हातात. कुनाचा गुडगा, कुनाची सून, कुनाच्या पोराला नोकरी न्हाय, हे सगळं तिला. तिला लिव्हता येत नव्हतं. ती चपात्या लाटत सांगायची, मी टायपत बसायचो. शब्दसुद्धा तिचे. मी फक्त हेडिंग दिलं. ती गेल्यावर ते कॉलम शिळं व्हायला लागलं. म्हणून रस्त्यात लोकांना थांबवून इचारत हिंडतो. थोडं थोडं बदलतो. पर लई ठिकाणी अजून तिचंच वाक्य हाय. आता कुटलं वाक्य कुनाचं, मी काय सांगू?”

मी आयुष्यात पुष्कळ फायली हरवल्या आहेत. कधी झोप उडाली नाही. त्या दिवशी घरी गेलो आणि जेवण गेलं नाही.

पण फोन थांबेनात. इतकी वर्षं अगदी बरोबर पत्रं जात होती, तर वर्षाला दोन फोन आले तर आले. लोक वाचायचे, बरं वाटायचं, ठेवून द्यायचे. मीही तेच करत आलो होतो. चार मिनिटांच्या अंतरावर राहून मी एकाही पत्राला कधी उत्तर दिलं नव्हतं. चुकीचं पत्र मात्र कुणाला ठेवून देता येईना. हसायला फोन, रागवायला फोन, अण्णांचं डोकं ठीक आहे ना हे बघायला फोन. आणि प्रत्येक जण आपल्या पत्रातलं वाक्य वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, हे माझं नव्हे, पण हे अमक्याचं असणार बघा, त्यालाच मूळव्याध आहे. अशी एकेक ओळ परत सापडू लागली. मी रोज कचेरी सुटली की शिक्षा म्हणून लॅपटॉपसमोर बसायचो. अण्णा स्पीकरवर बोलायचे, मी वाक्यं उचलून ज्याच्या त्याच्या नावापुढे नेऊन ठेवायचो.

एक दिवस श्रीपूरचे देशमुख बोलले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांची बायको आठ महिन्यांपूर्वी वारलेली. त्यांच्या ओळीत खबरदारी म्हणून अण्णांनी स्वतः लिहिलं होतं, ‘वहिनींचा विषय काढू नये.’ आणि माझ्या कृपेने त्यांना पत्र गेलं होतं, ‘घरच्या लक्ष्मीला नमस्कार सांगा. तिच्या हातची शेंगाचटणी अजून तोंडात आहे.’

अण्णा माफी मागायला लागले, तर देशमुख म्हणाले, “थांबा अण्णा. आठ महिने झाले, तिचा विषय कुणी काढत नाही माझ्यापुढं. सगळे ऊस आणि पाऊस बोलतात. पत्र वाचलं आणि मी बोललो की तिच्याबद्दल. फोटोशीच बोललो, पण बोललो.” मग दोघे अर्धा तास चटणीत लसूण किती यावर बोलत होते. फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, “तेवढं खबरदारीचं पुस.” मी पुसलं. “काय लिहू?” विचारलं, कारण रिकामं चालत नाही. “लिव्ह, विषय काढावा.”

महिन्याभरात, एका रविवारी दुपारी, सगळी नावं आपापल्या घरी पोचली. शेवटचं नाव बसलं आणि मी खुर्ची मागे सरकवून हात झटकले. तेवढ्यात दिसलं, तळाला एक वाक्य उरलंय. नावं संपली होती, वाक्य शिल्लक.

‘सणाला गोडधोड करत जावं. एकट्यानं जेवू नये, कुणाला तरी बसवून घ्यावं. आणि माणसांवर चिडू नये, चुकतंय माणूस.’

“अण्णा, हे कुणाचं? नाव गेलं वाटतं माझ्याकडून.”

“तुझ्याकडून न्हाय,” अण्णा म्हणाले. “ते पयल्यापासनं ब्लँकच हाय.”

मी चमकून बघितलं. अण्णांच्या फाईलमध्ये रिकामा सेल म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं.

“दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं दुरुस्त्या सांगितल्या, धा-बारा. मी मांडीवर लॅपटॉप घिऊन बसलेलो. हे वाक्य सांगितलं. मी म्हटलं, नाव? तर नुसती हसली. मी म्हटलं, नाव सांग की, नावाशिवाय ओळ व्हत न्हाय. तर म्हणाली, नाव कसं सांगू? मला वाटलं, औषधानं इसरली असंल. म्हटलं, आठवलं की सांग. आणि सोडलं रिकामं. दोन दिवसांनी ती गेली.” ते उठले, टेबलाचा खण उघडून घडी केलेले पाच-सहा कागद दाखवले. “दरवर्षी हे एक पत्र जास्तीचं निघतंय. नाव न्हाय, पाकीट न्हाय. फेकवत न्हाय. लई डोकं लावलं, कुनाचं असंल. माझ्या भावाचं? देशमुखांचं? यंदाचं सापडंना, बघ जरा.”

यंदाचं मी वाया गेलेली प्रिंट समजून त्याच्या पाठीवर किराण्याची यादी केली होती. हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

मी त्या वाक्याकडे बघत बसलो. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही हे एव्हाना सगळ्या सोलापूरला कळलंय. पण माझी आई पंचेचाळीस वर्षं माझ्या वडिलांना ‘अवं’ म्हणत होती, रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तरी मला पुढे ढकलायची.

“अण्णा,” मी विचारलं, “वहिनी तुम्हाला हाक कशी मारायच्या?”

“हाक? ‘री’ म्हणायची, म्हणजे तुमच्यातलं ‘अवं’. आमच्यात तसंच म्हणत्यात.”

“नाव नाही घ्यायच्या?”

“खुळा हाईस का बे? नवऱ्याचं नाव कोण बाई घे...”

ते तिथेच थांबले. खण उघडाच होता, कागद हातात. एक डोळा ऑपरेशनचा म्हणून पाणावलेला होता, दुसऱ्याला तसं काही कारण नव्हतं.

मी रिकाम्या सेलवर गेलो आणि एकेक अक्षर शोधत ‘मल्लिनाथ बिराजदार’ टाईप केलं. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या खांद्यावरून वाकून ती ओळ नावासकट वाचली. पुन्हा वाचली. मायना काय टाकू, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग ते स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेर न येताच म्हणाले, “बनसोडे, हात धू. जेवून जा.”

मी घरून पोटभर जेवून निघालो होतो. हात धुतले आणि जाऊन पाटावर बसलो.